ते पाच पेपर कोणाचे

माझ्या बहिणीला तिच्या सरांनी फसवलं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पुढे चहापाणी, घरोबा, गुरुशिष्याचं नातं असं बरंच काही येणार आहे आणि त्यात मुद्दा हरवायला नको. सरांनी काही चोरलं नाही. ते खोटंही बोलले नाहीत. एका खोलीत एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाहीत. तेवढ्यावर तिचं संपलं.

नावं मी कोणाचीच घेणार नाही. बहिणीची तर दोन आहेत, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

मी धंदेवाला माणूस. वडील लवकर गेले, म्हणून दहावीनंतर वेल्डिंग शिकलो. मुंबईला दारुखान्याच्या भंगारबाजारात ढिगातून लोखंडी अँगल निवडायचे, भाव पाडायचा, टेम्पोवाल्याशी वेगळं भांडायचं आणि माल वसईला आणायचा. पुढे वसई पूर्वेला स्वतःचा गाळा घेतला. नव्वदनंतर एव्हरशाईन सिटीच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक खिडकीला ग्रिल लागत होती. काम मिळवायला मला कधी अडचण आली नाही. केलेलं काम टिकवायला आली. दोन पावसाळे झाले की ग्राहक परत यायचे. एक बाई तर ग्रिलचा गंजून निखळलेला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे तुमचं लोखंड. पापडासारखं मोडलं." मी चढ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. हवा खारी आहे, समुद्र काही मी आणून ठेवला नाही, वगैरे.

बहीण तेव्हा धातुशास्त्राची इंजिनिअर होऊन एका कॉलेजात तात्पुरती लेक्चरर म्हणून लागली होती. त्या दिवशी डबा द्यायला आली होती. तिने तो तुकडा उचलून उलटसुलट पाहिला आणि बाईंना विचारलं, "तुमची ही खिडकी छज्ज्याखाली आहे का हो?"

"हो. आणि बाहेरची, पावसात भिजणारी ठीक आहे. म्हणून तर म्हणते, यांनी दोन प्रकारचा माल घातलाय."

बाई गेल्यावर बहीण म्हणाली, "दादा, माल एकच आहे. पाऊस लोखंडावरचं मीठ धुऊन नेतो. छज्ज्याखाली पाऊस पोचत नाही, मीठ बसूनच राहतं."

"म्हणजे भिजते ती टिकते आणि कोरडी असते ती गंजते? हे ग्राहकाला सांगू? चपलेने मारतील."

"मारू देत. आधी मला मोजू तरी दे."

तिचं संशोधन असं माझ्या गाळ्यातल्या भांडणातून सुरू झालं. सरांना विषय आवडला. ते तिच्या कॉलेजातलेच, तिचे गाईड. स्वतः गाळ्यावर आले, स्टुलावर बसून वडापाव खाल्ला, आणि "तुमची बहीण नाव काढील," असं मला म्हणाले. नाव काढील, हेच शब्द.

पत्रे मी दिले. काही साधे, काही जस्ताचा मुलामा दिलेले, सगळे तळहाताएवढे कापून. गंज चढल्यावर रंगाने लिहिलेलं काही उरत नाही, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात मी माझ्या पंचाने नंबर ठोकून दिला. ते टांगायला अँगलचा एक मांडव केला, अर्धा उघडा, अर्ध्यावर छप्पर. तो राजोडीला समुद्रासमोरच्या एका म्हातारीच्या अंगणात उभा केला. म्हातारी कोळीण. तिचे बोंबील बाजूच्याच बांबूंवर सुकत असायचे. मी बहिणीला स्कूटरवरून तिकडे न्यायचो. ती पत्रे काढायची, नंबर बघायची, फडक्यात बांधून कॉलेजात वजनाला न्यायची, काही परत टांगायची.

म्हातारी तिला पत्रेवाली म्हणायची. "काय गो पत्रेवाली, माझे बोंबील तीन दिसांत सुकतात. तुझे पत्रे कवा सुकनार?"

"अजून काही वर्षं लागतील, आजी."

"वर्षं? मग बाजारात न्यायच्या आधी तू म्हातारी होशील."

मी म्हणालो, "आजी, पोरं हात लावत नाहीत ना?"

"कोन हात लावतो? त्याला ना वास ना चव. मांजर पन बघत नाय."

पहिला पेपर छापून आला तेव्हा बहिणीने मला समजावून सांगितलं की ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं येतं, गाईडचं शेवटी. पहिलं नाव तिचंच होतं. इंग्रजीत, तिचं नाव, मधे एक अक्षर, मग आमचं आडनाव. ते मधलं अक्षर आमच्या वडिलांचं. वडिलांचं नाव आयुष्यात फक्त गिरणीच्या हजेरीपटावर लागलं होतं. ते परदेशातल्या गुळगुळीत कागदावर, एका अक्षराएवढं का होईना, छापलं होतं. आईने त्या कागदाला हळदकुंकू लावलं. बहीण ओरडली, "आई, डाग पडेल." आई म्हणाली, "पडू दे. दुसरा छापतील."

दुसरा छापला, मग तिसरा. लग्नापर्यंत पाच झाले. त्यांतल्या तीनमध्ये मधे एका मुलाचंही नाव होतं. तोही सरांचा विद्यार्थी, तिच्यापेक्षा लहान. पत्र्यांच्या पिशव्या उचलायला यायचा, वजनाचे आकडे उतरवून घ्यायचा. बरा मुलगा होता. बहिणीनेच सरांना सांगितलं की याचंही नाव घाला, ऊन त्यानेही खाल्लंय.

लग्न ठरवताना मी एकही गोष्ट ढिली सोडली नाही. विरारचा हॉल, जेवण, मानपान, वऱ्हाडाची बस, प्रत्येक गोष्टीवर बसून बोललो. बहिणीची नोकरी आणि संशोधन लग्नानंतरही चालू राहील, हेही चार माणसांत कबूल करून घेतलं. मुलगा चांगला, सरकारी नोकरीतला. घासाघीस करून उठलो तेव्हा वाटलं की आपण काही विसरलो नाही.

लग्न लागलं, आणि त्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं. नवऱ्याने अंगठीने तांदळात नाव लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. बहिणीचं नाव बदललं होतं. आडनाव बदलणार हे माहीत होतं, मधलं नाव बदलणार हेही. पण पहिलंही बदललं. मी तिच्या सासूबाईंना बाजूला घेतलं.

"काकू, हे ठरलं नव्हतं."

"अहो, यात ठरवायचं काय? थोरल्या सुनेचंही नाव हिच्यासारखंच आहे. एका घरात एका नावाच्या दोन सुना कशा चालतील? हाक मारली की दोघी यायच्या."

"मग थोरलीचं बदला. हिचं छापलेलं आहे."

सासूबाई हसल्या. त्यांना वाटलं मी पत्रिकेबद्दल बोलतोय. आईने माझा सदरा ओढला. "शुभकार्यात तोंड बंद ठेव."

सर तिथे होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. सर पहिल्या रांगेत बसून जेवले होते, नंतर आमच्याबरोबर मुलाच्या घरीही आले होते. नाव वाचलं गेलं तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि बहिणीला म्हणाले, "छान आहे की. आता पुढचे पेपर याच नावाने टाकू." बहिणीच्या मनात जुनंच ठेवायचं होतं. पण सासरचे ऐकत होते, सर म्हणत होते. ती हो म्हणाली. पुढचे दोन पेपर नव्या नावाने आले. नाव सरांनीच टाईप करून पाठवलं होतं.

दोनेक वर्षांनी कॉलेजात कायम जागेची जाहिरात आली. ती इतकी वर्षं दर जूनला नवीन नेमणुकीची वाट बघत होती, आता ते संपणार होतं. कायम झाली तर तिला स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचे विद्यार्थी मिळणार होते. नाही झाली तर राजोडीचे पत्रे कोणासाठी उतरवायचे, हाच प्रश्न होता. अर्जात छापलेल्या पेपरांना गुण होते. तिच्याएवढे पेपर दुसऱ्या कोणत्याही उमेदवाराकडे नव्हते.

कॉलेजच्या कारकुनाने यादी वाचली आणि पेन खाली ठेवलं. मी तिच्याबरोबर गेलो होतो.

"बाई, यातले पाच दुसऱ्याच कुणाचे आहेत."

"माझं लग्नाआधीचं नाव आहे ते."

"मला माहीत आहे हो. तुमच्या लग्नाची मिठाई खाल्लीय मी. पण बाहेरचे लोक येणार तपासायला. तुमचं आडनाव बदललं असतं तर एक वेळ चाललं असतं. इथे पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही वेगळी. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, हे नवीन कुठेच नाही. गॅझेट करून आणा."

"पदव्यांचं कसं चाललं मग?" मी विचारलं.

"पदवीच्या कागदावर नंबर असतो, साहेब. नंबर जुळला, प्रतिज्ञापत्र लावलं, झालं. पेपरवर नुसतं नाव असतं."

माझ्या पत्र्यावर नंबर होता. तिच्या कामावर नव्हता.

गॅझेटचा अर्ज केला, पण ते मुलाखतीच्या आत येणार नव्हतं. कारकून म्हणाला, "तुमचे सर समितीवर आहेतच की. प्रत्येक पेपरवर त्यांचं नाव आहे. त्यांनी नुसतं सांगितलं की ही तीच, तरी पुरे."

आम्ही सरांकडे गेलो. ते म्हणाले, "एवढंच ना? मी आहे तिथे. मी सांगेन." आणि चहा मागवला.

बाहेर आल्यावर मी बहिणीला म्हणालो, "दोन ओळी लिहून घे. सही घे. अर्जाला लाव."

"सरांकडून लिहून घेऊ? दादा, ते काय तुझे अँगलवाले आहेत?"

"अँगलवाले बरे. त्यांच्याकडून पावती घेतो मी."

"तू गाळ्यावर जा," ती म्हणाली. तिला राग आला होता. ज्यांनी आपल्याला वाचायला शिकवलं, प्रयोग मांडायला शिकवलं, त्यांचा शब्द कागदावर मागायचा, हे आमच्या घरात कोणाला जमलं नसतं. आई तिथे असती तर तिनेही मलाच दटावलं असतं. मी गाळ्यावर गेलो.

मुलाखतीत काय झालं ते मला बहिणीने सांगितलं, एकदाच, आणि परत कधी नाही. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी यादी हातात घेतली आणि म्हणाले, "हे पहिले पाच पेपर दुसऱ्या बाईंचे दिसतात."

"सर, त्या बाई मीच."

दोघंतिघं हसले. तज्ज्ञ सरांकडे वळले. "सगळ्यांत शेवटचं नाव तुमचं आहे. तुम्हाला माहीत असेल."

सरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "कागदपत्रांवरून जे ठरेल ते ठरवा. मी यांचा गाईड. मी बोलणं बरं दिसणार नाही."

पाच पेपर गेले. दोन राहिले. जागा मिळाली ती त्या मुलाला, जो पिशव्या उचलायला यायचा. त्याच्या यादीत तीन पेपर होते. तेच तीन. तिच्या पाचांतले तीन, ज्यांत पहिलं नाव तिचं होतं आणि मधलं त्याचं. मधल्या नावाला गुण मिळाले आणि पहिल्या नावाची बाई कोण, हे समितीला कळलं नाही. तोही सरांचाच विद्यार्थी. त्याच्यासाठी मात्र सरांना बोलावं लागलं नाही, त्याचं नाव बोलत होतं.

मी सरांना भेटायला गेलो. जाताना मनात सगळं तयार होतं, काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा. इतकी वर्षं माणसांना वाकवून खाल्लेलं आहे मी. सरांनी बसवलं, चहा मागवला.

"मला फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण नियम असतात. मी बोललो असतो तर म्हणाले असते, आपल्या विद्यार्थिनीची बाजू घेतली."

"ज्याला घेतलं तोही तुमचाच ना?"

"त्याच्याबद्दल मी काहीच बोललो नाही. तुम्ही विचारा कोणालाही."

"तेच म्हणतोय. तुम्ही कोणाबद्दलच बोलला नाहीत."

"तुमच्या भावना मी समजू शकतो. पुढच्या वेळी बघू."

सौदा करायचा तर समोरच्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असावं लागतं. दारुखान्यातल्या शेटला माल काढायचा असतो, बिल्डरला खिडक्या वेळेत हव्या असतात, टेम्पोवाल्याला रिकामा परत जायचं नसतं. सरांना माझ्याकडून काहीच नको होतं. पत्रे मिळाले होते, पेपर छापून झाले होते. कपातला चहा संपवून मी उठलो आणि त्यांच्या दारात चप्पल घालताना नमस्कारही केला. हात आपोआप जोडले गेले.

गॅझेट आलं तेव्हा जागा भरून झाली होती. पुढच्या जूनला बहिणीची तात्पुरती नेमणूकही झाली नाही, कारण आता कायमचा माणूस आला होता.

वर्षभराने तो मुलगा माझ्या गाळ्यावर आला. एव्हरशाईनमध्ये फ्लॅट घेतला होता, ग्रिल हवी होती. माझ्याकडेच का आला, हे मला आजही नीट कळलेलं नाही. दुसरीकडे गेला असता तर मला समजलंही नसतं.

"दादा, ताईंचंच काम होतं ते. मला माहीत आहे," तो उभ्यानेच म्हणाला.

"मग तिथे सांगायचं."

"मला कोणी विचारलं नाही. मला आत बोलावलं, माझ्या यादीबद्दल विचारलं, बाहेर पाठवलं."

"आणि बाहेर आल्यावर?"

तो खिडकीचं माप लिहिलेला कागद उलगडत राहिला. मी भाव सांगितला. तोंडाला येईल तो सांगितला, कोणालाही सांगितला नसता एवढा. वाटलं, आता हा भांडेल, मग मी बोलेन, मग सगळंच निघेल. तो म्हणाला, "ठीक आहे दादा." घासाघीस केली नाही. धंद्यात एवढं हरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. ग्रिल मी जस्ताचा मुलामा देऊन, नीट करून दिली. त्याची खिडकी छज्ज्याखाली होती.

बहीण एव्हरशाईनमध्येच एका क्लासमध्ये बारावीला शिकवायला लागली. चांगलं शिकवते असं सगळे म्हणतात. राजोडीला आम्ही नंतरही काही वेळा गेलो. ती पत्रे उतरवायची, घरच्या काट्यावर वजन करून बघायची आणि म्हणायची, या काट्याला हे कळत नाही. मग म्हातारीच्या मुलाने अंगणात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला घेतल्या. म्हातारीने निरोप पाठवला की पत्रेवालीला सांगा, सामान न्या. आम्ही मांडव खोलला. छपराखालचे काही पत्रे हातात धरले तर पोपडे सुटत होते, पण कोपऱ्यातला नंबर वाचता येत होता.

"सुकले का गो?" म्हातारीने विचारलं.

"सुकले, आजी," बहीण म्हणाली.

पत्रे माझ्या गाळ्यात मागच्या भिंतीला, गोणीत आहेत. भंगारवाला दर महिन्याला विचारतो. मी देत नाही.

हे सगळं मी गिळलं होतं. लिहिणार नव्हतो. पण सर निवृत्त झाले आणि त्यांचा सत्कार झाला. बहिणीला फोन आला, ती जायला निघाली. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, शिकवलंय त्यांनी. मी तिच्याबरोबर गेलो, तिच्या मागच्या रांगेत बसलो.

सूत्रसंचालकाने सरांचे पेपर किती, हे वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. त्यांत तिचे सातही होते. सरांच्या यादीत पाच आणि दोन असे तुकडे पडले नव्हते. त्यांच्या घरात कोणी तांदळाचं ताट पुढे ठेवून त्यांचं नाव पुसलं नव्हतं. मग सर बोलायला उभे राहिले, आणि बोलता बोलता बहिणीकडे हात केला.

"ही माझी विद्यार्थिनी," असं म्हणून त्यांनी माईकवर तिचं जुनं नाव घेतलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. "आता तुम्ही हिला ओळखता ते," म्हणून नवं नाव घेतलं. "हिचं नाव बदललं त्या दिवशी मी तिथे पेढा खाल्लाय. तेव्हाच म्हणालो, अरे, माझी एक विद्यार्थिनी होती, आता दोन झाल्या."

सगळं सभागृह हसलं. बहीणही हसली. मी उठायला लागलो तशी तिने मागे न बघता हात मागे करून माझं मनगट धरलं. तिला माहीत होतं मी उठणार. म्हणाली, "दादा, बस." मी बसलो.

तर सर, बहिणीने मला तिथे बसवलं म्हणून इथे विचारतो. भरल्या सभागृहात, कोणी न विचारता, तुम्हाला तिची दोन्ही नावं सांगता आली. त्या खोलीत तुम्हाला सरळ विचारलं होतं, आणि पाचच माणसं होती. तिथे का नाही सांगितलंत? बरं दिसणार नाही म्हणून, हे उत्तर मी एकदा ऐकलंय, ते परत नको. तिला सांगायचं नसेल तर मला सांगा. माझा गाळा तिथेच आहे. रविवारी बंद असतो, पण तुम्ही येणार असाल तर उघडून बसेन. गोणी दाखवीन, नंबर वाचून घ्या, आणि ते पाच पेपर कोणाचे, ते तोंडाने सांगून जा.